दाब

रजिस्टरवर अक्षर माझंच आहे:
'बोरखडी ग्राम गोबरगॅस सहकारी संस्था,
स्थापना चैत्र, सन चौऱ्याऐंशी, सभासद अडतीस.'
खाली शाई फुटलेली,
कारण त्याच दिवशी ट्रकवरून ड्रम उतरवताना
मीही खांदा दिला होता
आणि बोटं अजून थरथरत होती.

काळा ड्रम, डांबर फासलेला.
यादोराव म्हणाले, हत्ती आणला गावात.
हत्ती शेण खायचा आणि रात्रभर फुगायचा.
पहाटे तो वीतभर वर आलेला दिसला की
वडाला टांगलेल्या शकुंतलेच्या रुळाच्या तुकड्यावर
मी तीन ठोके द्यायचो.
गॅस सुटला.
अडतीस चुलीपाशी एकदम अडतीस काड्या ओढल्या जात.
इतक्या दूर ऐकू येणं शक्य नव्हतं,
मी ऐकायचो.

साडेपाच ते सात. संध्याकाळी पुन्हा दीड तास.
ज्याची भाकर राहिली, त्याची राहिली.
भांडणं झाली: देवतळ्यांकडेच पोळ्या का फुगतात,
पाइपाला उतार कोणी दिला,
कोणाच्या म्हशी पातळ हगतात.
सगळं इतिवृत्तात आहे, एक शब्द बदलून.

इतिवृत्तात नाही ते हे:
शेण कालवायला पंचफुला मेश्राम होती.
कोपरापर्यंत हात आत,
एका टोपल्याला एक टोपलं पाणी,
काडी वेचून, खडा वेचून.
त्या हत्तीला माहूत असलाच, तर ती.
पाइप वडापर्यंत आला, पाराला वळसा घालून
नाल्याच्या पुलाशी थांबला.
पुलापलीकडे तिची वस्ती.
तिनं विचारलं तेव्हा अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं
आणि मी म्हणालो, 'दाब पुरत नाही, बाई.'

खोटं नव्हतं ते.
मोजला मात्र कोणीच नव्हता.
ती घरी जाऊन पऱ्हाट्या पेटवायची.

मग ट्रॅक्टर आले, बैल बाजारात गेले.
सत्त्याण्णवच्या पोळ्याला तोरणाखाली
जोड्या मोजून अकरा.
हत्ती उपाशी राहू लागला.
तीन ठोक्यांचे दोन झाले, दोनाचा एक,
आणि एका पहाटे मी हात वर नेला
तो तसाच खाली आणला.
दारव्ह्याला सिलिंडरची एजन्सी निघाली होती.
लोक मोटारसायकलवर आडवं बांधून आणत,
आजारी वासरू आणावं तसं.
ड्रम भंगारात गेला, तीन हजार दोनशेला. पावती आहे.
खड्ड्यात आता पोरं बेडूक धरतात.

पुढं पंचफुलाच्या घरीही आलं लाल सिलिंडर,
हार घालून, फोटो काढून.
दुसऱ्यांदा भरायला पैसे नव्हते.
तिनं त्यावर कणकेचा डबा ठेवला.
उंची बराबर बसते म्हणाली.

यंदा तुरीच्या धुऱ्यावर पिवळे दगड रोवलेत:
'खाली गॅसवाहिनी. खोदू नये.'
समुद्राकडून येते, नागपूरकडे जाते,
रात्रंदिवस, ठोक्याशिवाय.
मापं घ्यायला आलेला हेल्मेटवाला पोरगा
माझ्याकडे चहाला थांबला.
सत्तरीला टेकलेली पंचफुला काठी ठोकत आली.
'काहो, आता तं पुरंल ना दाब?'
पोरगा भला होता. समजावून सांगू लागला,
'आजी, आत दाब इतका आहे
की तुमच्या गावाले देताच येत नाही.
त्याले वेगळं स्टेशन लागते, मंजुरी लागते...'

तिनं माझ्याकडे पाहिलं.
मी कपाचा कान धरून बसलो.

मग ती पिवळ्या दगडावर टेकली,
चपलेतला खडा काढून झटकला
आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा एकेरीत बोलली:
'पह्यले कमी होता. आता जास्त हाय.
बराबर कधी होता,
ते लिहेल हाय का तुह्या वहीत?'

वही चाळतो आहे.