कार्डाची मागची बाजू

वाल्दिव्हियाला निघताना साहेबीण म्हणाली,
रोज तीन अनोळखी माणसांशी बोल.
जेवताना ओळखीचं टेबल शोधू नकोस.
आणि जोडे जुने घाल.
मी जोडे नवे घेतले.

बिल्ल्यावर नाव चुकलेलं.
एलुनेय कात्रिफिलची एलेना कास्त्रियो झालेली,
ठळक, छापील, गळ्यात.
नोंदणीपाशी रांग होती, म्हणून राहू दिलं.
पहिला दिवस एलेनानंच काढला.
एलेना हसली, एलेना चार कप कॉफी प्याली,
कारण कप असला
की हातांचं काय करायचं हा प्रश्न उरत नाही.
सान्तियागोची मंडळी एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती,
घोळके सगळे पाठमोरे,
शिरायला फट कुठे दिसेना.
खिशात पन्नास कार्डं. पन्नासच्या पन्नास.

मोठ्या सभागृहात एक जण ठासून म्हणाला,
लाकडी पूल मरतात ते वजनानं.
मला माहीत होतं, नाही.
हात मांडीवरून वीतभर उचलला,
मग केस सारखे केले.

दुपारी नदीकाठी गेले.
मासळीबाजारामागं समुद्रसिंह पसरलेले,
मासे चिरणाऱ्या बायका डोकी भिरकावत होत्या
आणि ते ढुशा देत, भुंकत, सरळ पुढे.
त्यांना कुणी ओळख करून दिली नव्हती.
टाच सोलली होती. तिथंच बसून मोजा काढला.

दुसऱ्या दिवशी माझं पोस्टर,
एक खांब आणि स्वच्छतागृहाचं दार, यांच्या मधे.
लेफुन नदीवरचा लाकडी पूल, बांधकाम सत्याऐंशी.
ओंडक्यांचे ट्रक जाताना मोजलेली कंपनं:
तेव्हा सेकंदाला सहा पूर्णांक दोन,
आता चार पूर्णांक नऊ.
लोक दारातून ओले हात झटकत येत,
वाचल्यासारखं करत, जात.

एक म्हातारा मात्र थांबला.
चष्मा कपाळावर, नाक आलेखाला टेकेल इतकं जवळ,
बिल्ला उलटा लटकलेला.
पाणी कुठून शिरलं?
तिसऱ्या सांध्यातून, मी म्हटलं.
लोखंडी पट्टीखाली साचतं. बाहेर पडायला वाट नाही.
दाखव.
दाखवलं. बोल्टाभोवतीचं लाकूड
दुधात भिजवलेल्या पावासारखं.
तो गप्प. फार वेळ गप्प.
ती शांतता मीच घाईघाईनं भरली:
आरेखनातच चूक असावी,
त्या काळी इतका विचार करत नसत.

करत, तो म्हणाला.
माझं कार्ड मागून घेतलं, पालथं केलं,
आणि पेन्सिलीनं
पट्टी काढली, चार बोल्ट काढले,
पट्टीच्या खालच्या कडेला एक भोक.
बारा मिलिमीटर.
हे आरेखनात होतं. कंत्राटदार हसला,
एवढ्याशा भोकासाठी यंत्र पुन्हा लावू?
बैठकीत अकरा माणसं. मी एकतीसचा.
टेबलावरचा बिस्किटांचा चुरा गोळा करत बसलो.

बिल्ला सुलटा झाला तेव्हा वाचलं:
ओस्वाल्दो क्रेब्स.
पोस्टरच्या तळाशी, बारीक टायपात,
हे नाव मीच तर लिहिलं होतं.
कानाच्या पाळ्या तापल्या.
तो म्हणाला, कास्त्रियो, तुम्ही कुठल्या?
कात्रिफिल, मी म्हटलं. हे चुकलंय.
त्यानं पेन्सिल पुढे केली.

शेवटच्या सत्रात तोच वजनवाला.
हात वर केला.
माइक बंद होता, पहिलं वाक्य मला एकटीलाच ऐकू गेलं.
दुसरं उभं राहून बोलले.
काय बोलले ते धड आठवत नाही,
पाणी हा शब्द चारदा आला, एवढं खरं.
आकडे पाठवा, तो म्हणाला.
त्याला ते खरंच हवे होते का, कोण जाणे.
मी मात्र त्याच रात्री पाठवले.

परतीच्या बसमध्ये कार्डं मोजली.
सेहेचाळीस,
आणि ते एक, दिलेलं आणि परत आलेलं.

सोमवारी साहेबिणीनं विचारलं, किती माणसं झाली?
मी म्हटलं, तिसऱ्या सांध्याची नवी पट्टी
अजून गोदामातच आहे ना?
आणि बारा मिलिमीटरचं पातं
कुठल्या खणात असतं आपल्याकडे?