तरवड

दामले स्टेशनवर उतरला
आणि रिक्षात बसायच्या आधीच म्हणाला,
तुमच्या सोलापुरात बघण्यासारखं काय आहे?
गळ्यात कॅमेरा,
डोळ्यांत अजून रत्नागिरीचं हिरवं.
मी म्हटलं, बघू.

त्याला भुईकोटाच्या तटावर नेलं.
तिथून तळं दाखवलं, तळ्यातलं देऊळ,
पाण्यात उलटं थरथरणारं शिखर.
तो म्हणाला, छान आहे.
हा तोच छान,
जो पाहुणा दुसऱ्यांदा भात नको म्हणताना वापरतो.

गुरुसिद्धनं त्याला रिकाम्या होम मैदानावर उभं केलं
आणि नंदीध्वज कसा पेलायचा ते दाखवलं,
हातात काहीच नसताना.
कमरेला नसलेला पट्टा, मान मागं,
नजर न दिसणाऱ्या टोकावर.
पावलं मात्र खरी, जड.
"संक्रांतीला ये बे," तो घामाघूम होऊन म्हणाला,
"आत्ता निस्ता वारा उचललालोय."
दामलेच्या फोटोत एक माणूस
आभाळाकडं बघत चालतोय, एवढंच आलं.

रात्री कडक भाकरीनं त्याची हिरडी सोलली,
शेंगाचटणीनं नाक वाहिलं,
चटणी मात्र त्यानं मागून घेतली.
आई सुपात तेंदूची पानं कातरत होती.
हजाराला अजून दोनशे विड्या कमी.
मान वर न करता म्हणाली,
"उद्या अमावस्या. तरवड आणा.
पाहुण्यालाबी ने. मोकळ्या हातानं काय बसतंय?"

पहाटे नान्नजच्या माळाकडं गेलो.
माळाला आडोसा नाही,
उजेड दार न वाजवता आत येतो.
पायजम्याला कुसळं, कुसळांना दव,
आणि बांधाच्या कडेनं तरवड,
कुणी पेरला नाही, कुणी पाणी घातलं नाही,
पिवळा म्हणजे किती पिवळा
ते सांगायला माझ्याकडं तिन्ही भाषांत शब्द नाही.
"माळढोक दिसतो का?" दामलेनं वनरक्षकाला विचारलं.
"परवाच दिसला की."
मी चौथीत होतो तेव्हाही परवाच दिसला होता.
दामले बराच वेळ गवतावर नजर लावून बसला.
मग कॅमेरा पिशवीत टाकला,
फुलं तोडायला दोन्ही हात लागतात म्हणून.

दुपारभर आई थर लावत बसली.
तरवड, कुरडू, पुन्हा तरवड,
मधे शेजारच्या रेहानाबीनं दिलेला झेंडू,
सगळ्यात वर हळदीची गौर, अंगठ्याएवढी.
माझी आई हिशेब तेलुगूत करते, भांडते मराठीत,
आणि गुरुसिद्धच्या आईला बघितलं की
कानडीत उगाच लाजते.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका फेर धरून उभ्या.
पानं कातरून निबर झालेली बोटं,
तंबाखूचा वास तळव्यांत कायमचा,
त्याच तळव्यांच्या टाळ्या.
मागं मागाचा खडखडाट चालूच,
त्यानं कुणासाठी थांबायचं?
टाळी त्याच्या दोन ठोक्यांमधली जागा शोधत गेली
आणि तिला ती सापडली.
गाणं दामलेला कळत नव्हतं.
प्रत्येक ओळीच्या शेवटी झोका आहे,
एवढं मी त्याला सांगितलं.
तो म्हणाला, हो, तो कळला.

कंबर तलावाच्या काठावर चिखल होता.
आई घोट्यापर्यंत पाण्यात शिरली.
जलपर्णी हातानं बाजूला सारत तिनं एक खिडकी केली
आणि त्या खिडकीत फुलांचा डोंगर ठेवला.
तो लगेच गेला नाही.
जरा घुटमळला, एका अंगाला कलला,
मग कुणीतरी हाक मारल्यासारखा निघाला.
दामले माझ्याशेजारी उभा होता.
पिशवी त्यानं उघडलीच नाही.

महिन्याभरानं त्याचा फोन.
कॅमेऱ्याच्या भिंगाच्या कडेला
पिवळी पूड अडकलीय म्हणाला,
समुद्राच्या प्रत्येक फोटोत कोपऱ्यात येते.
पुसली का, मी विचारलं.
पलीकडं नुसता लाटांचा आवाज.
इकडून आई ओरडली,
"चटणी संपली का विचार त्याला!"