पूरक

‘बरं करते’ असं कुणालाही म्हणायचं नाही,
ही पहिली अट.
नोकरी नव्हे, मंगळवार-शुक्रवारची बिनपगारी सेवा.
गळ्यात पट्टी, पट्टीवर नाव : सालादीना.
त्याखाली बारीक अक्षरांत : पूरक.

पूरक म्हणजे काय, मला नीटसं ठाऊक नाही.
मी चाळीस वर्षं गॅलिसियाच्या या धक्क्यावर
बसून जाळी तुणली.
जाळी तुणणारी मासे पकडत नाही.
पण भोक तसंच ठेवून बोट सुटली,
तर रात्रभराची मेहनत समुद्राला दान.
तेवढंच असेल पूरक म्हणजे.

डॉक्टरबाई सकाळी कागद देतात.
पांढऱ्या पेशी उतरल्यात त्यांना हात नाही.
छातीत नळी शिरते तिथं नाही.
पोटरी एकाच बाजूची सुजली तर आधी मला हाक.
लव्हेंडरनं जिला मळमळतं
तिच्या आसपास बाटली उघडायची नाही.
यातून उरेल तेवढं शरीर माझं,
वीस मिनिटं.

चौथ्या खुर्चीत एव्हारिस्तो.
बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं.
याच्याच बर्फावर पडून आमची मासळी माद्रिदला गेली.
आता दर पंधरवड्याला एक औषध शिरेतून उतरतं
आणि गारव्याशी त्याचं वैर लावून जातं.
दाराची कडी बोटांना डसते.
नळाचं पाणी घशात काचेसारखं.
फ्रीजमधलं लोणी काढायला लोकरी हातमोजे.
‘इतकी वर्षं विकला ना मी त्याला,’ म्हणाला,
‘वसुलीला आलाय.’
मग माझ्या तेलाच्या वाटीकडे बघून :
‘आणि तू काय, सॅलड करणार माझं?’

त्याची बायको ओबदुलिया.
तिच्या पर्समध्ये वेगळीच बाटली,
डोंगरातल्या कुण्या बाईचा काढा, नव्वद युरो.
‘हा सुरू केला की शिरेतलं बंद केलं तरी चालतं म्हणे.’
मी झाकण उघडून हुंगलं.
वास चांगला होता. घोटाळा तोच.
म्हटलं, ‘बाई, मी जाळं सांधते.
बोट सोडून पोहत जा, असं कधी कुणाला सांगितलं नाही.
डॉक्टरबाईंना दाखव.’
रुसली. तीन खेपा माझ्याशी बोलली नाही.
बाटलीचं पुढं काय झालं, मी विचारलं नाही.

त्याच्या पायांना हात लावण्याआधी
मी माझे हात कोमट पाण्यात धरायची,
घड्याळ लावून, पाच मिनिटं.
मग टाच, मग घोटा, मग तळव्याची खोलगट जागा.
अंधारात जाळ्याचं भोक अंगठ्यानं हुडकावं
तशी मी चाचपत जायची.
‘काही कळतंय?’
‘कळतं. लांबून.
शेजारच्या घरात कुणी चालतंय, तसं.’

कधी तो बोलायचा. कोसळलेल्या लादीबद्दल,
अमोनियाच्या वासाबद्दल, मुलाच्या मोटारसायकलबद्दल.
बहुतेक वेळा झोपायचा, तोंड उघडं ठेवून,
आणि पंप किणकिणला तरी उठायचा नाही.
ओबदुलिया तेव्हा खुर्ची माझ्याजवळ ओढायची.
बोलायची नाही. दुसरा पाय मांडीवर घ्यायची.
मी वाटी तिच्याकडे सरकवायची.

आठव्या खेपेला डॉक्टरबाईंनी मात्रा उतरवली.
दहाव्यानंतर चौथ्या खुर्चीत
एक तरुण शिक्षिका बसू लागली.
बातमी मला कुणी सांगितली नाही;
सांगायला मी तिथली कोण?

ऑक्टोबरात नर्सच्या टेबलावर एक थर्माकोलचा खोका.
आत सहा बांगडे, वर चुरलेला बर्फ, चिठ्ठी नाही.
बारीक, एकसारखा फोडलेला.
त्यानं स्वतः भरला असेल?
की कारखान्यातल्या पोराला दारातून दाखवलं,
असा नाही, असा भर?
की ओबदुलियानंच, एकटीनं?

मी हात मनगटापर्यंत आत घातला
आणि डसेपर्यंत ठेवला.

शिक्षिकेचे पाय थांबले होते.
त्या दिवशी कोमट पाण्याला
पाच मिनिटं पुरली नाहीत.