नापास

कॅप्टन बिडव्यांनी आधी चहा संपवला,
मग रुमालाची गाठ सोडली.
आत पाच रिकामी पितळी काडतुसं,
थ्री-नॉट-थ्रीची, काळवंडलेली,
दिवाळीच्या आधी असतात तसल्या समया.
छावणीतल्या संग्रहालयात जुनी रायफल मांडायचीय, म्हणाले,
शेजारी क्लिपमध्ये पाच गोळ्या हव्यात.
बिनदारूच्या. नुसत्या दिसायला.
"खडकी बाजारात विचारलं,
तर तिघांनी तुमचंच नाव घेतलं, भागीरथीबाई."

आई अठ्ठ्याहत्तरची.
चष्मा कपाळावर ठेवून
तिने मला तो शोधायला आत पिटाळलं.

एकेक उचलून बूड उजेडाकडे धरलं.
कारखान्याची दोन अक्षरं, साल एकोणसत्तर,
मधोमध टिकली,
ठोका बसून खचलेली.
"आमच्या शेडमधलं आहे."
बत्तीस वर्षं तिने भरलेली रवाना केली होती.
उडालेलं आज पहिल्यांदा हातात आलं.
बरीच वर्षं सासरी काढलेली लेक
न कळवता दारात उभी राहावी, तसं झालं तिचं.
ये म्हणेना, बस म्हणेना.

मग घासायला घेतली, चिंच लावून,
आणि घासता घासता मला सांगू लागली,
कॅप्टन समोर बसलेत हे विसरून.
आत शिरताना बांगड्या उतरवायच्या, आकडे, पिना,
मंगळसूत्र खुंटीवर.
एका ओळीत सत्तावीस खुंट्या,
पण सुटताना कधी कुणाचं कुणाच्या गळ्यात गेलं नाही.
दारू म्हणजे काय भुकटी वाटली तुला?
काड्या असायच्या, शेवयांसारख्या.
रविवारी घरी राहिलं की अंगातून उतरायची,
सोमवारी पुन्हा चढायची, डोकं नुसतं फुटायचं.
तुझ्या वेळी सातव्यापर्यंत जात होते मी.
म्हणूनच तू शेवया खात नाहीस.

शेवयांचाच डबा काढायला लावला.
शेजारच्या पोतदारांचा सोनारकाटा मागवला.
"आजी, वजन कशाला? आतलं कोण बघतंय?"
आईने एक शेवई कमी केली.
परत तोलली. अर्धी मोडून पुन्हा घातली.
गोळ्या कॅप्टननीच आणलेल्या, निकामी, जुन्या.
बसवल्यावर प्रत्येक काडतूस कानाशी नेऊन हलवलं,
नारळ घेताना हलवतात तसं,
फक्त इथे काही वाजायला नको होतं.

चार झाली.
पाचव्याच्या मानेवर तिचं नख अडकलं.
मला चीर दिसली नाही, कॅप्टनना दिसली नाही.
"नापास."
"काचेमागे ठेवायचंय हो."
"काचेमागे ठेवा नाहीतर पाण्यात. मी पास करणार नाही."

निघताना ते बूट घालत होते,
तेव्हा तिने विचारलं, ही कुठं उडाली असतील?
"चांदमारीत, आजी. सराव असतो ना."
"असेल," आई म्हणाली.
फाटक लागल्यावर,
ताटातल्या उरलेल्या शेवया डब्यात भरताना
पुन्हा एकदा म्हणाली, असेल.

महिन्याने बघायला गेलो.
रायफल तेल पिऊन चकाकत होती,
शेजारी क्लिप, क्लिपमध्ये चार,
आणि पाटीवर छापलेलं: काडतुसे, पाच नग.
आईने पहारेकऱ्याला बोलावून मोजून दाखवलं.
तो म्हणाला, साहेबांना सांगतो.

पाचवं आमच्या घरी आहे, टीव्हीवर.
त्यात ती काही भरत नाही, उदबत्तीसुद्धा लावू देत नाही.
दुपारी कधी तोंड ओठांशी धरून फुंकते.
शीळ निघते, चिरेमुळे थोडी फाटकी,
आणि खालच्या मजल्यावरचं पिंट्याचं कुत्रं
जिन्यापर्यंत येऊन
भुंकायचं की नाही, ते ठरवत उभं राहतं.