बाकी

खानापूरच्या वखारीत मी चाळीस वर्षं लाकूड मोजलं,
साग घनफुटावर, जांभूळ नगावर,
आणि तुळसा बिर्जेचं
मालकाची पाठ फिरल्यावर.

पहिली नोंद : फणस, तुकडा एक, गाठीचा. रुपये चार. बाकी.
कौलांच्या कारखान्यातून तशीच आलेली,
कोपरापर्यंत तांबडी, वेणीच्या शेंड्यालाही माती.
काय करणार ग ह्या ओंडक्याचं?
'आत कोण बसलंय बघतो की.'
आमच्याकडे बाईही 'बघतो'च म्हणते.
बडोद्याच्या कॉलेजात हसायचे म्हणे तिला.
पाच वर्षांत छिन्नी धरायची पद्धत बदलली,
हे नाही बदललं.

परत आली तेव्हा बेळगावात
गणपतीच्या कारखान्यात तिला डोळे आखायला बसवलं.
मातीला हात पुरुषांनी लावायचा.
एक मोसम काढला तिनं. चारशे गणपती, आठशे डोळे.
एकही माझ्याकडं बघत नव्हता, असं म्हणाली.

मग वहीत नुसती सागाची फळकुटं,
वीतभर, दीड वीत, कापून उरलेली, जळणाच्या भावानं.
फळीवर ती रेघ कोरत नसे,
रेघ सोडून बाकीचं काढून टाकी.
शाई, वर कागद,
आणि आमटीच्या पळीच्या पाठीनं घोटायचं, गोल, गोल.
निपाणीच्या तंबाखूतल्या बायका छापल्या तिनं,
तोंडाला पदर बांधलेल्या.
एकीच्याही चेहऱ्याला रेघ नाही,
तरी मला माझी थोरली बहीण सापडली,
तिसऱ्या रांगेत, खोकताना.

नंतर गावानं पुतळा सांगितला, गंगव्वा सुईणीचा.
दोन्हीकडची पोरं हिच्याच हातावर पहिल्यांदा रडली,
कुठल्या भाषेत, ते तिनं कधी विचारलं नाही.
ब्राँझला पैसे नव्हते. सिमेंट.
तुळसानं उजवा हात पुढं केलेला दाखवला,
ओला वाटावा इतका गुळगुळीत.
पुतळा झाला. पाटी अडली.
वर कन्नड की मराठी?
मोर्चे, दोन बंद, एक फुटलेली एसटी,
आणि गंगव्वा तीन पावसाळे चौकात
गोणपाट गुंडाळून, कमरेला सुंभ.

तुळसानं तेच कोरलं. गोणपाट, सुंभ, खाली पाटी.
पाटीवर दोन्ही लिप्या, एकीत एक गुंतलेल्या.
कागदावर सुलट यायला फळीवर उलट कोरावं लागतं.
हिनं सुलटच कोरलं.
कागदावर दोन्ही उलट्या उमटल्या.
झेंडेवाला एक पोरगा माझ्याकडं आरसा मागायला आला.
माझ्या दाढीच्या आरशात त्यानं वाचलं,
'बाळ रडलं का?'
जी लिपी येत होती तीच वाचली,
दुसरीकडं बघितलं नाही.

ते चित्र दिल्लीला गेलं, तिथून आणखी कुठं कुठं.
पेपरात फोटो आला, खाली नाव 'तुलसी'.
बक्षिसात तिनं छपराचे पत्रे बदलले
आणि उरलेल्या नोटा माझ्या पुढ्यात ठेवल्या.
एकोणीस वर्षांची उधारी.
मी वही शोधल्यासारखं केलं.
सापडत नाही म्हटलं.

आता तिचा अंगठा वाकत नाही. पळी भाची फिरवते,
ही डोळे मिटून ऐकते,
कागद कुठं कोरडा राहिला ते आवाजावरून सांगते.
गंगव्वाला पालिकेनं आमच्याच वखारीत आणून ठेवलं, तात्पुरतं.
बारा वर्षं झाली.
पुढं केलेल्या हाताला मी जेवणाचा डबा अडकवतो.

परवा तुळसा आली. डबा बघितला.
मी ओशाळून काढायला गेलो, तर म्हणाली,
'असू दे. पेलतंय की.'
मनगटावरच्या एका चिरेत नख घालून बघितलं.
'फणसाचा तुकडा आहे का रे एखादा? गाठीचा?'

काढूनच ठेवला होता.
लिहिलं : रुपये तीनशे. बाकी.