आठ दिवसांच्या बोलीवर

गणू ढेबे माथेरानहून आला
खांद्यावर रिकामं खोगीर घेऊन.
ताडदेवच्या आमच्या तबेल्याशी वाकून
त्यानं सुपारीचे दात पाहिले,
एकेक खूर उचलून हुंगला,
पोटाखालून हात फिरवला
आणि म्हणाला, आठ दिवस नेतो.
जमली तर पैसे, नाही तर घोडी परत.
हरभरा माझा. नाल माझे.

मी म्हटलं, चहा घ्या.

चहा म्हणजे सात मिनिटं.
तेवढ्यात मेहमूदचाचा नालबंद
हातोडीवरून नजर न काढता म्हणाले,
छत्री आणि घोडी बोलीवर देऊ नये, पोरी.
परत येते ती दुसऱ्याची होऊन येते.
भाऊ फोनवर ओरडला, आधी पैसे मोज,
डोंगरात गेलेल्या माणसाला रेंज नसते.

मला हसू आलं.
बारा वर्षं सुपारीनं दुसरं काय केलं?
लालबाग, परळ, कधी थेट भांडुप,
तासाभरासाठी एकेक नवरदेव पाठीवर,
कुणी थरथरणारा, कुणी प्यालेला,
एक तर मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघणारा.
हॉलच्या दारात उतरले की उतरले.
एकही परत आला नाही सांगायला
की पुढे जमलं का.

आता नवरदेव उघड्या मोटारीतून येतात, धूर सोडत.
लगामाचे आरसे मी गोणीत भरून ठेवलेत.
गोणी हलली की अजून सुपारी कान टवकारते.

तरी देववत नव्हती.
पायाला जखम होईल, दगडांवर घसरेल,
कुणी जाडजूड पर्यटक तिच्या माकडहाडाशी बसेल,
असं मी स्वतःला सांगत होते
आणि उभी होते तिच्या डाव्या बाजूला.

गेल्या वर्षापासून मी तिच्या डाव्या बाजूलाच उभी राहते,
गिऱ्हाईक आलं की.
वरातीतलं एक झाड उडालं होतं तिरपं.
डोळा तसा दिसायला चांगला आहे,
नुसता त्यात आतून कुणीतरी दूध ओतल्यासारखं,
तेही ऊन पडलं तरच.

आप्पांनी कुणाला बोलीवर घोडं दिलं नाही कधी.
खोटंही बोलले नाहीत.
विचारलंच नाही तर गप्प बसणं
ते खोट्यात धरत नसत.
रोख घ्या, दावं सोडा, पाठ फिरवा.
आठ दिवसांत मात्र डोंगर विचारतोच.
मला भीती वाटत होती ती घोडीची नव्हती.

गणूनं बशी पालथी ठेवली.
वळसा घालून डावीकडे आला,
मला म्हणाला, जरा सरा ताई,
आणि हात वर नेला, हळू, माशी धरावी तसा.
सुपारी उभी राहिली.
पापणी नाही, कान नाही.
रस्त्यावरून बस गेली, तिचा वारा तेवढा लागला तिला.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, आमच्या वाटेला
चढताना दरी डाव्या अंगाला.
चढेल बिनघोर.
उतरताना दिसेल तिला.
उतरताना मी पुढे चालेन.

पाच हजार कमी करा, म्हणेल असं वाटलं होतं.
म्हणाला नाही.
खांद्यावरचं खोगीर आप्पांच्या खुंटीला अडकवलं,
परत आलो नाही तर विका, म्हणाला.
खोगीर जुनं होतं, घामानं काळं पडलेलं,
विकायला गेलं तर कुणी चहासुद्धा पाजणार नाही.

मी वहीत लिहिलं: सुपारी, आठ दिवस.
खाली लिहिलं: डावा डोळा.
त्याला माहीत झालं होतं, तरी लिहिलं,
अक्षर जरा मोठंच आलं.

डावीकडून हात लावायच्या आधी आवाज द्या, मी म्हटलं.
कसा आवाज?
आता भर रस्त्यात, टेंपोवाला बघत असताना,
मला आप्पांचा आवाज काढावा लागला,
जीभ टाळूला लावून, दोनदा, मग एकदा लांब.
सुपारीनं मान वळवली, माझ्याकडे.

गणूनं काढून पाहिला.
त्याचा जरा जाड आला, रानातला.
तिनं मान नाही हलवली.
एक कान हलवला.

आज बुधवार.