करकर

पहाटे साडेचारला बोंदो जिक्या आला,
पायात स्वतः शिवलेले बूट, नाड्या सुटलेल्या.
मागे बायको, हातात त्याचा कोट.
"झटका आलाय," म्हणाली. निदान घरूनच आणलं होतं.

झुग्दिदीच्या या इस्पितळात रात्रपाळीला मी आणि त्सिउरी नर्स, दोघीच.
मी म्हटलं, आडवे व्हा.
तो होईना.
आडवं झालं की कळ डाव्या खांद्यापर्यंत चढते,
श्वास पुरा घेतला की आत आरी फिरते.
तो बसला पुढे वाकून, कोपरं गुडघ्यांवर,
चाळीस वर्षं साच्यावर वाकत आला तसा.
"असं बसलं की सोसवतं."

अर्धं निदान तिथेच झालं होतं,
पण माणसाच्या बसण्यावर कागद विश्वास ठेवत नाही.
म्हणून पट्टी काढली.
जिथे एखाददुसरी रेघ उचलायची,
तिथे जवळजवळ सगळ्याच उचललेल्या,
मधे खोलगट, खोगिरासारख्या.
रक्ताचा अहवाल यायचा होता.
मी नळी कानाला लावली, त्याला आणखी वाकवलं,
श्वास सोडून थांबा म्हटलं.

आणि ऐकू आलं.
लप-डप नाही, त्याच्यावर चढलेलं काहीतरी,
करकर, करकर,
पुढे, मागे, पुन्हा पुढे.

"काय ऐकताय?" त्यानं विचारलं.
का कोण जाणे, नळी मी त्याच्या कानाला दिली.
बराच वेळ ऐकून तो म्हणाला,
"कोरडं चामडं. तेल न लावलेलं.
दोन कातडी एकमेकींवर घासतायत.
असा जोडा मी गिऱ्हाइकाला दिला नसता."

पुस्तकात याच गोष्टीला पानभर लागलं होतं.

कशानं झालं? हे बायकोनं विचारलं.
पंधरा दिवसांपूर्वीची सर्दी, मी म्हटलं,
बहुधा एखादा विषाणू, जो केव्हाच निघून गेला.
तिला ते पटलं नाही.
मुलगा ऑगस्टात पोलंडला गेला, गोदामात कामाला,
तेव्हापासून हा जेवत नाही. तिचं कारण ते.
क्षयाची तपासणी केली, सांध्यांची केली, किडनीची केली.
काही सापडलं नाही.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: अज्ञात.
मुलाचं नाव लिहायला तिथे जागा नव्हती.

इबुप्रोफेन दिवसातून तीनदा, पोटात काही घालून.
आणि कोल्चिसिन, रोज दोन छोट्या गोळ्या, तीन महिने,
दुखणं थांबलं तरी.
जड ओझं नाही, चढण नाही, द्राक्षांच्या टोपल्या तर नाहीच.
नाव वाचून तो हसला. "हे तर आमच्याच रानातलं."
शरदात कुरणात उगवणारं फिकं जांभळं फूल,
अंगावर एकही पान नसलेलं.
आजोबांचं एक वासरू ते खाऊन मेलं होतं.
"तेच का?"
तेच, मी म्हटलं. मोजून दिलं की औषध.

दहाव्या दिवशी करकर थांबली.
त्सिउरीनं हात जोडले. मी जोडले नाहीत.
आवाज दोन कारणांनी थांबतो:
कातडी बरी झाली म्हणून,
किंवा मधे पाणी भरलं, ती लांब झाली म्हणून.
काळजाचं पाणी होणं आपण सहज बोलून जातो,
इथे ते मिलिमीटरमध्ये मोजावं लागतं.

अंधाऱ्या खोलीत, पडद्यावर,
त्याचं हृदय मूठ मिटत होतं, उघडत होतं.
भोवती काळी रेघ, चार मिलिमीटर.
मी पुन्हा मोजली. चारच.
मानेच्या शिरा सपाट, नाडी भरलेली, रक्तदाब ठीक.
थांबायचं, सुई नको.

डिसेंबरात तो पुन्हा आला. रेघ नव्हती.
गोळ्या एक दिवस चुकल्या होत्या, ते त्यानं आपणहून सांगितलं.
मुलाचा फोन येतो, म्हणाला, रविवारी.
मग हात पुढे केला: "नळी द्या."
डोळे मिटून ऐकलं त्यानं.
नुसतं लप-डप, लप-डप.
चेहरा किंचित पडलाच त्याचा,
गिऱ्हाईक जोडा घेऊन
काही न बोलता निघून गेल्यावर पडतो तसा.